तिसऱ्या हाकेपर्यंत

डोमाची बातमी मला कोणी सांगायला आलं नाही. डोमालाच घेऊन आले. फाल्गुन संपत आला होता, मोह टपकायला लागला होता, आणि नेहमीप्रमाणे सकाळी मी कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर उभी राहून रुग्णांची नावं पुकारत होते. इथे नर्स म्हणून मला अकरा वर्षं झाली. पुकारण्याची माझी पद्धत ठरलेली होती. नाव दोनदा घ्यायचं, ओ आली नाही तर कागद खाली ठेवायचा आणि पुढचं नाव घ्यायचं. डॉक्टर एकच, आणि रांग आवारातल्या कडुनिंबापर्यंत जाते. त्या सकाळी मी कुणाचं तरी नाव दुसऱ्यांदा पुकारलं आणि फाटकातून एक बैलबंडी आत आली. बंडीत बाज टाकलेली, बाजेवर माणूस, आणि त्याच्या पायाशी पोत्यावर नीट बसवलेली एक पांढरी पेटी. मी आधी पेटी ओळखली. मग पाय पाहिला. तोंड सगळ्यात शेवटी पाहिलं. नर्सचे डोळे असेच चालतात, त्याला माझा इलाज नाही.

"बाई," तो म्हणाला, "पेटीले ऊन लागू देऊ नको."

डोमाजी माझा धाकटा भाऊ. कुरखेड्यापासून आठ कोसांवरच्या एका जंगलगावात तो प्राथमिक शाळेचा मास्तर होता. तो चार दिवस माझ्या दवाखान्यात राहिला आणि पाचव्या दिवशी दुपारी गेला. त्याला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, की झाडावरून पडून एका शिक्षकाचा मृत्यू झाला. त्या दोन ओळींत खोटं काही नाही. पण आमच्याकडे लोक मध काढायला, मोहाच्या टोळी, म्हणजे फळं, पाडायला झाडावर चढतात आणि कधी पडतातही. डोमा त्यातल्या कशासाठी चढला नव्हता. तो कशासाठी चढला आणि पडल्यावर काय झालं, हे मला त्याच्याच तोंडून कळलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव सावलीकडचं, वैनगंगेच्या काठचं. घर मासेमारीचं, नदीत जाळं आणि काठावर धानाच्या दोन बांध्या. सोळाव्या वर्षी मी विधवा होऊन माहेरी आले, त्याच साली आई तापाने गेली. डोमा तेव्हा चार वर्षांचा होता. बाबा अंधारातच डोंगा घेऊन नदीवर जायचे, त्यामुळे पोराला न्हाऊ घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. त्याचं कौतुक करत बसायला मला सवड नव्हती. पोर वर बघत चालायचं. घारी, ढग, दिवसा दिसणारा चंद्र, जे काही वर असेल ते. त्यामुळे अंगठ्याची नखं कधी धड नसायची. "पायाखाली पाह्य," हे मी त्याला जितक्या वेळा सांगितलं असेल तितक्या वेळा दुसरं काहीच सांगितलं नसेल.

सरपणाला आणि मोहाला आम्ही जंगलात जायचो. पोराला जंगलात न्यायचं तर आधी हाकेचा नियम शिकवावा लागतो. आमच्याकडे तो सगळ्यांना येतो, तरी बाहेरच्यांसाठी सांगते. जंगलात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. चकवा दोनदाच हाक मारतो आणि तुम्ही ओ दिलीत की तुम्हाला घेऊन जातो. तिसरी हाक आली म्हणजे ती माणसाची. मला विचाराल तर यात चकवा-बिकवा काही नाही. लहान पोराने आवाज आला की त्या दिशेने धावत सुटू नये, होतं तिथे थांबावं, एवढीच त्यातली युक्ती. थांबलेलं पोर सापडतं. पण याच नियमाची दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही पहिलीपेक्षाही कडक पाळतो. हाक मारणाऱ्याने तीन हाका पुऱ्या केल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. एका उन्हाळ्यात डोमा बांबूच्या रांजीत, दाट बेटात, हरवला, पाच-सहा वर्षांचा असेल. मी तिसरी हाक मारली तेव्हा दहा हातांवरून आवाज आला. मी थोबाडीत ठेवून दिली आणि विचारलं, इतक्या जवळ होतास तर आधी का बोलला नाहीस. गाल चोळत तो म्हणाला, "तूच तं सांगतलं होतं."

हा नियम त्याने जंगलातून घरात आणला. जेवायला हाक मारली की दोनदा गप्प, तिसऱ्या हाकेला हजर. पुढे तो चांद्याला शिकायला गेला, मी नागपूरला जाऊन नर्सचं शिक्षण घेतलं, आणि फिरून फिरून दोघंही याच भागात नोकरीला आलो. तेव्हा त्याची बायको पार्वती माझ्याकडे गाऱ्हाणं करायची, की भात निवून जातो तरी हा माणूस तिसरी हाक घेतल्याशिवाय उठत नाही. शाळेतही तेच. हजेरी घेताना प्रत्येक पोराचं नाव तीनदा. तपासणीचे साहेब म्हणाले, गुरुजी, तुमचा पहिला तास हजेरीतच जातो. हा म्हणाला, "साहेब, पोट्टे जंगलातले आहेत. दोन हाकांत मी पुढं गेलो तं अर्धी शाळा गैरहजर लागंन." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते माहीत नाही, पण डोमाने पद्धत बदलली नाही. माझी दवाखान्यातली पद्धत मात्र त्याला आवडायची नाही. ओसरीवर बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "बाई, तू आता आपल्या गावची नाई राह्यली. दोन हाकांत माणूस टाकते." मी म्हणायचे, "रांग कडुनिंबापर्यंत जाते. तुझ्या चकव्यासाठी थांबू का?"

तीन वर्षांपूर्वी, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा त्याच्या गावच्या शिवारात पहिली पेटी पडली. वर लाल रेशमी छत्री, खाली दोर, दोराला पांढरी पेटी. डोमाला निरोप मिळून तो पोचेपर्यंत पेटीला हळदकुंकू लागलं होतं आणि पुढे नारळ फुटला होता. आतून टकटक आवाज येत होता, म्हणून यात जीव आहे असं सगळ्यांचं मत पडलं. डोमाने पेटीला कान लावला आणि सांगितलं, "जीव नाई, घड्याळ आहे." पेटीवर इंग्रजीत चिठ्ठी डकवलेली होती. ही पेटी शास्त्रीय उपकरणांची आहे, उघडू नये, पाण्यापासून व उन्हापासून जपावी, खालील पत्त्यावर कळवावे. डोमाने चिठ्ठीतला शब्द न् शब्द पाळला. पेटी शाळेच्या कपाटात ठेवली, पत्र लिहिलं, आणि महिनाभराने जीपमधून एक साहेब आले तेव्हा दारातच त्यांना पावती मागितली.

साहेब एका दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेतले. तिशीतले, सज्जन, पुण्याकडचं बोलणं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण या लेखाचं ओझं एकट्या त्यांनी वाहावं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडून डोमाला कळलं, की ही मंडळी मोठमोठे फुगे आभाळात सोडतात. फुगा इतका वर जातो, की तिथे माणूस नेला तर एक श्वासही घेता येणार नाही. फुग्याखालच्या पेटीत लेप लावलेल्या काचा असतात. अवकाशातून जे किरण येतात ते त्या काचांवर रेघा ओढतात. मग फुगा फुटतो, छत्री उघडते, आणि वाऱ्याच्या मर्जीने पेटी आमच्या जंगलात येऊन पडते. ती शोधून, काढून, न फोडता जीपपर्यंत पोचवायला त्यांना जंगलाचा माणूस हवा होता. असा, की ज्याला चिठ्ठीही वाचता येईल. दोन वर्षांत डोमाने त्यांना सात पेट्या काढून दिल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून तो मला समजावायचा, "बाई, हे किरन आपल्याही अंगातून जाते. आत्ताबी जाऊन राह्यले." मी म्हणायचे, "जाऊ दे. मले भात उतरवू दे." पण तो मागे लागायचा. एक दिवस माणूस वर जाईल, चंद्रावरही जाईल, त्या माणसाच्या अंगातून किती किरण जातील आणि तो जगेल का मरेल, हे आधी या काचाच सांगतील... जो माणूस अजून गेलाच नाही, कोण आहे, कुठला आहे ठाऊक नाही, त्याच्यासाठी माझा भाऊ झाडावर चढत होता.

चढताना तो एकटा नसायचा. त्याच्या गावचा दसरू नावाचा गोंड माणूस बरोबर असायचा. मध काढणाऱ्यांची आमच्याकडे पद्धत आहे. एक वर, एक खाली. खालचा दोर धरतो आणि सारखा बोलत राहतो. काय वाटेल ते बोलतो, बायकोला शिव्या घालतो, बाजारभाव सांगतो. वरच्याने नुसतं 'हूं' म्हणायचं. 'हूं' आलं नाही की खालच्याने समजायचं, वर काहीतरी बिघडलं. दसरूच्या गप्पांना कंटाळून डोमा एकदा मुद्दाम गप्प बसला, तर दसरू अर्ध्या झाडावर चढून आला होता आणि उतरल्यावर दोन दिवस डोमाशी बोलला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर रशियाने कुत्री आभाळात पाठवल्याची बातमी आली. आमच्याकडे वर्तमानपत्र तीन-चार दिवसांनी पोचतं, म्हणजे आम्ही वाचलं तेव्हा ती बिचारी मेलेलीही असेल. त्याच आठवड्यात साहेब आणि डोमा माझ्याकडे जेवायला होते. साहेब मासा काट्यांना भिऊन खात होते. डोमाने विचारलं, "साहेब, ते कुत्री परत कवा येईन?"

साहेब म्हणाले, "ती परत येणार नाही. येणार नाही हे आधीच ठरलेलं असणार."

"काऊन?"

"वर पाठवणं जमलं आहे, परत आणणं अजून जमलेलं नाही. ते जमवायला आणखी वेळ हवा, पाठवण्यापेक्षा जास्त पैसा हवा. तेवढं थांबायला कोणी तयार नसतं, डोमाजी."

मी म्हटलं, "कुत्री काही आपण होऊन गेली नव्हती. तिला विचारलं असतं तर थांबायला ती तयार होती." साहेब हसले. डोमा हसला नाही. त्याने ताटातला हात थांबवला होता.

"अन् माणसाची पाळी आली तं?"

"माणसाच्या वेळी थांबतील."

"कोणी सांगतलं?"

साहेब माशातला काटा शोधू लागले. मग डोमाच म्हणाला, "माणसाच्या वेळेस परतीची सोय पहिले करा, साहेब. पाठवाचं मागून." साहेबांनी कबूल केल्यासारखी मान हलवली, जणू ते त्यांच्या हातात होतं. मी दोघांना आणखी भात वाढला.

संक्रांतीनंतर वरून कागद आला. एका पेटीसाठी दोन स्थानिक माणसं कशाला, यापुढे एकच मंजूर. साहेबांनी विरोध केला होता असं ते सांगतात आणि मी त्यावर विश्वास ठेवते. पेट्रोलही मोजून मिळू लागलं होतं. या कामावर खर्च होतो, हाती काय लागतं ते कुणाला दिसत नाही, अशी कुठेतरी कुरकुर होती म्हणे. चिठ्ठी वाचू शकणारा माणूस डोमा, म्हणून राहिला डोमा. दसरूचं काम सुटलं.

मोहाच्या दिवसांत, बाजारच्या वारी, डोमा माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी पेटी शोधायला जायचं होतं. माझ्याकडे ठेवलेला जाड दोर घेऊन जायला आला होता. मी विचारलं, "दसरू कुठी?"

"मंजूर नाई ना."

"मग मी देते त्याची मजुरी."

"नको. आपण एकदा देल्ली का त्याहिले सवय लागंन. मग कवाच मंजूर नाई होनार."

हे बोलणं मला पटलं. दुर्दैव म्हणा, पण ते खरोखर शहाणपणाचं होतं. मीही तसंच वागले असते. मी एवढंच म्हटलं, "तर मग झाडावर चढू नको. खाली असली तर आण, वर असली तर सांगून ये." तो "पाहू" म्हणाला. मी मुरमुरे आणि फुटाणे फडक्यात बांधून दिले. दारातून बाहेर पडतानाही तो वरच बघत होता. मी म्हटलं, "पायाखाली पाह्य." वळून हसला आणि गेला.

पुढचं त्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मलमपट्टीच्या वेळी, कारण दुखतं तेव्हा माणसाला बोलतं ठेवावं लागतं. छत्री एका उंच ऐनाच्या शेंड्याला अडकली होती. साहेब आणि ड्रायव्हर जीप घेऊन गाडीवाटेने दुसऱ्या बाजूला शोधत होते. त्यांना बोलवायला जायचं तर कोसभर चाल, आणि वारा सुटला होता. पेटी खोडावर आपटत होती. तो चढला. दोर बांधून पेटी खाली सोडली, ती अलगद पालापाचोळ्यात टेकली. मग स्वतः उतरताना वाळली फांदी मोडली. मांडीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. बरगड्याही गेल्या असाव्यात, कारण श्वास भरता येत नव्हता.

थोड्या वेळाने गाडीवाटेवर जीप थांबल्याचा आवाज आला. हाक आली, "डोमाजी..." साहेबांचा आवाज त्याने ओळखला. चकवा आहे असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं, हे त्याने मला दोनदा बजावून सांगितलं. पण त्याच्या छातीत एकच ओरडा शिल्लक होता. तो पहिल्या हाकेला खर्ची घालावा असं त्याला वाटलं नाही. पहिल्या हाकेला माणूस हाक मारण्याच्या घाईत असतो. तिसरीनंतर तो थांबतो, कान देतो. म्हणून त्याने दुसरी हाक येऊ दिली, आणि तिसरीसाठी, जितका भरता येईल तितका श्वास भरून ठेवला.

मग इंजिन सुरू झालं.

"आपल्याकडं दोन हाका मारून कोणीच जात नाई ना, बाई," तो म्हणाला. रागाने म्हणाला नाही. पोराने गणित चुकवल्यावर मास्तर जसा पुन्हा पाटीकडे बघतो, तसा त्याचा चेहरा होता. साहेबांना वाटलं, पायवाटेने हा गावाकडे गेला असेल. असा तो पूर्वी जायचा. उजेड असेतो नदी ओलांडायची होती, आणि पेट्रोल जाण्यायेण्यापुरतंच. जीप गेल्यावरही डोमा तो भरलेला श्वास धरून पडला होता, की साहेब दुसऱ्या बाजूने फिरून येतील आणि तिसरी हाक मारतील. ती रात्र त्याने कशी काढली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उजाडताना मोह वेचणाऱ्या बायका आल्या. त्यांच्यातल्या एकीने सोबतिणीला 'कू' घातली आणि याने पहिल्याच हाकेला ओ दिली. "म्हटलं चकवा असला तरी चालते," मला सांगताना तो हसला, आणि हसण्याने बरगड्या दुखल्या तेव्हा हसतच कळवळला.

हाड बसवलं, जखम धुतली, पेनिसिलीन होतं तेवढं दिलं. पण रात्रभर उघडी जखम मातीत पडली होती. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा वासावरून मला कळलं. डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. पाय काढायला चांद्याला हलवायचं ठरलं, पण मोटार यायच्या आत ताप डोक्यात गेला. मी नंतर डॉक्टरांना सरळ विचारलं, पडला त्याच संध्याकाळी आला असता तर? डॉक्टरही सरळ माणूस. म्हणाले, "पाय गेला असता, बाई. माणूस राहिला असता."

पार्वती सहा वर्षांच्या शेवंताला घेऊन आली होती. दसरूही आला. तो बाजेशी उकिडवा बसला आणि बोलू लागला. बाजारात मोहाला काय भाव आहे, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, बायको कशी भांडली... तासन् तास. डोमा डोळे मिटून 'हूं' म्हणायचा. चौथ्या दिवशी रात्री 'हूं' यायचं थांबलं तरी दसरू बोलतच राहिला. त्याला बाहेर जा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

पाचव्या सकाळी मी डोमाला हाक मारली. रुग्ण शुद्धीवर आहे का हे बघायची ती रीतच आहे. एकदा मारली, दोनदा मारली, तोंडावरची रेघ हलली नाही. तिसरी मारली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि फार हळू, पण स्वच्छ, "ओ" दिली. मग दुपारपर्यंत मी हाक मारली नाही, आणि दुपारनंतर मारून उपयोग नव्हता. चौथ्या हाकेचा नियम आमच्याकडे नाही.

पंधरा दिवसांनी साहेब आले. ओसरीच्या पायरीवर बसले, आत येईनात. तिथूनच म्हणाले, "मी दोनदा हाक मारली होती, बाई."

"माहीत आहे. त्यानेही दोनच मोजल्या."

"मला हे माहीत असतं तर... कुणी सांगितलं असतं तर..."

कुणी सांगायचं? डोमाला कधी सुचलं नाही, की जगात कुणाला हे माहीत नसेल. मलाही सुचलं नाही, आणि साहेब माझ्या घरी चार वेळा जेवून गेले होते. तो नियम पोराला शिकवणारी मी. मी शिकवलं नसतं तर पहिल्या हाकेला तो ओरडला असता, आवाज पोचला असता किंवा नसता... हा हिशेब मी सात आठवडे करते आहे आणि तो सुटत नाही. साहेबांना मी एवढंच म्हटलं, "आत या. चहा घ्या." ते आत आले.

जाताना त्यांनी मला एक फोटो दिला. ती पेटी त्यांचा ड्रायव्हर त्याच आठवड्यात घेऊन गेला होता; तिच्यातल्या काचा शाबूत निघाल्या, रेघा उत्तम उठल्या. त्यातली एक मोठी करून आणली होती. करड्या कागदावर केसाएवढी काळी रेघ, मध्येच तिला फाटे फुटलेले. पार्वतीला त्यांच्या कार्यालयाचं पत्रही आलं, की डोमाजी आस्थापनेवर नव्हते, सबब काही देता येत नाही. साहेब त्यासाठी भांडत आहेत. पार्वती आणि शेवंता आता माझ्याकडेच असतात. फोटो शेवंताने दोराच्या खुंटीखाली भिंतीला चिकटवला आहे. दोर बायकांनी परत आणून दिला होता.

माणूस वर जाणार, हे डोमाचं म्हणणं मला आता खरं वाटतं. जाऊ नये असं मी म्हणणार नाही. डोमानेही म्हटलं नसतं. जो जाईल तो कुणाचा तरी पायाखाली न बघणारा भाऊ असेल. त्याच्या परतीची सोय पैशाअभावी मागे ठेवू नका, आणि तो वर गप्प झाला तर खालच्यांनी दोन हाकांत गाडी सुरू करू नये. आमच्या जंगलातलं एवढंच मला ठाऊक आहे.

दवाखान्यात मी आता तीनदा पुकारते. परवा सोनाबाई नावाच्या म्हातारीने पहिल्याच हाकेला ओ दिली, तरी सवयीने दुसरी आणि तिसरी माझ्या तोंडून गेलीच. समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ओ देल्ली ना वं बाई, काऊन वरडून राह्यली?" मी म्हटलं, ऐकलं, बस. तिसऱ्या हाकेनंतर मी थोडी थांबते. कागद हातात तसाच असतो. डोमा बसायचा त्या खांबाकडे बघायचं नाही असं ठरवते, आणि बघते. मागे लोक चुळबुळ करतात, कुणी खाकरतं. रांग कडुनिंबापर्यंत जाते. जाऊ दे.